पोशेऱ्याची बेगोनिया

“मॅडम, हिला वर नाही ठेवता येणार.”

प्रतिक्षाने तिकिटाच्या मशीनवरून मान वर केली. त्र्यंबकहून जव्हारला निघालेली तिची गाडी भरलेली होती. श्रावणातलं धुकं खिडक्यांच्या फटींतून आत शिरत होतं, आणि दारापाशी एक उंच, चष्मेवाला तरुण पसरट कुंडी छातीशी धरून उभा होता. कुंडीवर पातळ मलमलचं फडकं होतं.

“हिला म्हणजे कुणाला?”

“म्हणजे… हिला.” त्याने हनुवटीनेच कुंडीकडे खूण केली. “सामान नाही हे.”

“जीव असेल तर तिकीट लागेल. बघू द्या.”

तिने फडक्याचं टोक उचललं आणि पुढचं बोलणं विसरलीच. तळहाताहून मोठी पानं, चांदीचा वर्ख लावल्यासारखी. मधोमध आमसुलाच्या रसासारखा गडद लाल रंग, आणि तोच रंग शिराशिरांतून कडेपर्यंत ओघळत गेलेला. बेगोनिया! आणि तीही अशी, जी तिच्या खिडकीत नव्हती…

“माझ्या सीटवर बसा,” ती म्हणाली.

“अहो नको, तुम्ही उभ्या राहणार आणि मी—”

“तुमच्यासाठी नाही. तिच्यासाठी.”

मागच्या बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला आणि निमूट बसला.

तोरंगणचा घाट लागला. धुक्यातून एक म्हैस रस्त्यावर आली आणि ड्रायव्हर जगनकाकांनी करकचून ब्रेक मारला. त्या हिसक्यात काकडी मोडावी तसा आवाज झाला. सगळ्यात मोठं पान देठापासून तुटून तरुणाच्या मांडीवर पडलं.

“मेलो!” तो पुटपुटला. “आईने मागवलीय ही. नाशिकहून. खास.”

त्याने पान उचलून खिडकीकडे हात नेला. प्रतिक्षाने तो हात मनगटाशी धरला. मग आपण काय धरलंय ते लक्षात येऊन पटकन सोडला.

“फेकू नका.”

“तुटलेल्या पानाचं काय करणार?”

“झाड.”

तो हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला. “खरंच?… मग घ्या. आईने विचारलं तर सांगेन, कंडक्टर मॅडमनी जप्त केलं.” पान तिच्या हातात देताना त्याने जरा ऐटीतच सांगितलं, “जव्हारात बेगोनिया म्हटली की आमची आईच. सुमनबाई. चष्म्याचं दुकान आहे ना बाजारपेठेत, ते आमचं. मी हर्षल. बाकी कुणाकडे बेगोनिया आहेच कुठे?”

प्रतिक्षाने पान आपल्या ओल्या रुमालात गुंडाळलं. मग शांतपणे म्हणाली, “डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, उत्तरेची खिडकी. बघा कधीतरी. मग बोला.”

*

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. प्रतिक्षा पडद्याआडून पाहत होती. मान मागे टाकून, चष्मा वर सरकवत, तो किती तरी वेळ नुसता बघत राहिला होता.

बघण्यासारखं होतंच. भाड्याच्या त्या एवढ्याशा खोलीत तिने एकही शोभेची वस्तू ठेवली नव्हती. सगळी हौस खिडकीत उतरली होती. बांबूसारख्या उंच काड्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची पानं, त्यांच्याखाली लोंबणारे गुलाबी घोस. खालच्या फळीवर केसाळ पानांची, तांबूस पोटाची एक. काळसर हिरवी एक, जिच्यावर नजर ठरायला वेळ लागायचा. कुंड्या खड्यांच्या ताटल्यांवर, ताटल्यांत बोटभर पाणी; म्हणजे हवा दमट राहते आणि मुळं मात्र बुडत नाहीत.

ही आवड तिला कुणी लावली नव्हती. तिच्या गावी, पोशेऱ्याला, घरामागच्या ओहोळाच्या कातळावर, पावसाळ्यात एक नाजूक झाड उगवायचं. गुलाबी फुलं, आंबट पानं, आणि पान असं की त्याचा एक कान मोठा, एक लहान. लहानपणी ती ओहोळावर गेली की तासन्‌तास तिथेच. दिवाळी आली की कातळ कोरडा व्हायचा आणि झाड नाहीसं व्हायचं. तिला दर वर्षी रडू यायचं. पुढे नोकरीच्या ट्रेनिंगला गेली, तेव्हा तिथल्या एका घराच्या ओटीवर कुंडीत तोच वाकडा कान दिसला. तिने दार ठोठावून विचारलं, हे काय आहे? बेगोनिया, घरातली बाई म्हणाली. हिला घरात ठेवायचं, ही बारा महिने राहते. बारा महिने! त्या दिवशी एक फांदी मागून घेऊन ती परतली, आणि खाकी अंगावर चढली त्याच वर्षी तिची खिडकीही भरली. पोशेऱ्याच्या तिच्या पाड्यातून खाकी घालणारी ती पहिली मुलगी होती. गाडी फाट्यावर थांबली की माणसं म्हणायची, आमची प्रतिक्षा आली.

“हरलो!” खालून आवाज आला. “मॅडम, मी हरलो! आईला मात्र सांगणार नाही, तिला झोप लागायची नाही!”

पडद्याआड प्रतिक्षा तोंडावर हात धरून हसली.

*

हर्षल आठवड्यातून काही दिवस मोखाड्याला डोळे तपासायला जायचा. पूर्वी तो मोटारसायकल काढायचा. आता त्याला एकाएकी एसटी आवडायला लागली.

“तिकीट?”

“मोखाडा. आणि… पान कसं आहे?”

“पान बरं आहे.”

“काय केलंत त्याचं?”

“पालथं घालून शिरा कापल्या.”

“अरे देवा!”

“जिथे शीर कापली तिथूनच पिल्लं फुटतात. ओल्या काथ्यावर पसरलंय, वर बारीक खडे ठेवलेत, मिठाईचा पारदर्शक डबा पालथा घातलाय. आता रोज उघडून बघायचं नाही. धीर धरायचा.”

“धीर धरायचा,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “तेच अवघड आहे.”

तिने मशीनचं बटण उगाचच दोनदा दाबलं. पुढून जगनकाकांनी आरशातून पाहिलं आणि घसा खाकरला.

गणपती आले, गेले. एके सकाळी ती तिकीट देताना हळूच म्हणाली, “फुटलं.” बाकी काही नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं, ते पाहून हर्षलला वाटलं, आपण आजवर इतक्या माणसांच्या डोळ्यांत डोकावलो, असं काही कधी दिसलं नव्हतं.

“किती मोठं?”

“तांदळाच्या दाण्याएवढं. पण चांदी आत्ताच दिसतेय.”

“मला बघायचंय.”

“डोळे बरे आहेत ना तुमचे? खालून दिसेल.”

“खालून फक्त खिडकी दिसते, मॅडम. आणि कधी कधी… पडद्याआडची सावली.”

प्रतिक्षा वळली आणि पुढच्या माणसाला सुटे पैसे द्यायचंच विसरली.

मग तो ‘मॅडम’वरून ‘प्रतिक्षा’वर आला, आणि एका संध्याकाळी हनुमान पॉइंटच्या कठड्यापाशी ‘तू’वर. खाली दरीत ढग साचले होते. त्याचा हात कठड्यावर तिच्या हाताशेजारी आला, थांबला… आणि तिने आपला काढून घेतला नाही. एवढंच. पण त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

*

दिवाळीनंतर गावात बातमी फिरली. वाचनालयाच्या सभागृहात घरात वाढवलेल्या झाडांचं प्रदर्शन भरणार होतं. पारखायला नाशिकहून माणसं येणार, वर्तमानपत्रात फोटो येणार. सुमनबाईंनी त्या चंदेरी बेगोनियाला तेव्हापासून राणीसारखं जपलं. प्रतिक्षाचं पानावरचं पिल्लूही आता पसरट कुंडीत भरून आलं होतं. दोन झाडं एकाच रक्ताची, पण प्रतिक्षाचं जरा बुटकं, गच्च, आणि रंगाने जास्तच पेटलेलं.

तेवढ्यात सुमनबाईंना बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जावं लागलं. जाताना हर्षलला बजावून गेल्या, माती वरून सुकली तरच पाणी. हर्षलने मान हलवली. पण रोज सकाळी त्याला वाटायचं, पानं जरा मलूल दिसतायत. आणि रोज सकाळी तो तांब्याभर पाणी घालायचा. पाण्यानेच मलूल झाली होती ती. एक दिवस त्याने पान सरळ करायला हात लावला आणि आख्खा देठ बुडातून हातात आला. मऊ, काळा, कुजका.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. आई त्याच संध्याकाळी परतणार होती. हर्षल तसाच डेपोमागच्या गल्लीत धावला.

प्रतिक्षा दारातच उभी होती, नुकतीच ड्युटीवरून आलेली. त्याने सगळं सांगितलं. तिला आधी त्या झाडाचंच वाईट वाटलं. मग त्याचा चेहरा पाहून त्याचंही.

“एक मागू?” तो म्हणाला.

“माग ना.”

“तुझं झाड… फक्त प्रदर्शनाच्या दिवसापुरतं. आईच्या नावाने ठेवू या? एकाच झाडाचं आहे, कुणाला कळणार नाही. आईला मी सांगेन की वाचलं. ती फार मानी आहे गं, मोडून जाईल. आणि तसंही… पान आमच्याच झाडाचं होतं ना?”

खिडकीतल्या उजेडात प्रतिक्षाचा चेहरा आधी विझला, मग ताठ झाला.

“तुझी आई मानी आहे,” ती म्हणाली. “आणि मी?”

“तसं नाही—”

“आमच्या बाजूच्या गावांची नावं पेपरात कशासाठी येतात, ठाऊक आहे ना तुला? पोरं दगावली, पाणी आटलं, रस्ता वाहून गेला. लोक वाचतात आणि ‘अरेरे’ म्हणतात. माझ्या कुंडीवर ‘पोशेरा’ लिहिणार आहे मी. एकदा तरी कुणी आमचं नाव वाचून ‘वा’ म्हणू दे. ते तू मागतोयस, हर्षल. झाड नाही.”

“प्रतिक्षा, मी विचार न करता…”

“हो. विचार न करता,” ती म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती नुसतं म्हणाली, “तिकीट?”

“मोखाडा. प्रतिक्षा, ऐक ना…”

“पुढे सरका.”

जगनकाकांनी आरशातून पाहिलं. या वेळी खाकरले नाहीत.

*

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात एक उंच, गोऱ्या बाई होत्या, कुरळे केस चापात कोंबलेले. कपाळावर ठळक कुंकू, हातात कापडी पिशवी.

“प्रतिक्षा तूच ना? मी सुमन. हर्षलची आई.”

प्रतिक्षा बाजूला झाली. बाई आत आल्या त्या सरळ खिडकीपाशी गेल्या. एकेक कुंडी पाहिली. पान उलटं करून पोट पाहिलं, मातीत बोट घालून पाहिलं, ताटलीतले खडे पाहिले. चंदेरी बेगोनियापाशी बराच वेळ थांबल्या.

“कंद वर उघडा ठेवलास. गाडला नाहीस.”

“गाडला की कुजतो, काकू.”

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. “मातीत काय घातलंयस?”

“पालापाचोळ्याचं खत, काथ्या, थोडा कोळसा.”

“मीही कोळसा घालते. गावात हसतात मला.” त्या वळल्या. “हर्षलने सगळं सांगितलं. पाण्याचंही, आणि तुझ्याकडे काय मागितलं तेही. माझा मुलगा आहे, पण त्या वेळी मला त्याची लाज वाटली. दुसऱ्याच्या झाडावर मी माझं नाव लावीन? मला ओळखलंच नाही त्याने.”

प्रतिक्षाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

सुमनबाईंनी पिशवीतून एक लहानशी कुंडी काढली. तिच्यात कंदाचा एक तुकडा आणि त्याच्यावर दोनच पानं. “कुजलेलं सगळं कापून टाकलं. एवढंच हाती लागलं. उद्या हेच ठेवणार आहे, माझ्या नावाने. बघ बरं, वाचेल ना?”

प्रतिक्षाने कुंडी हातात घेतली. कंदाचं टोक बोटाने अलगद दाबून पाहिलं. घट्ट होतं.

“वाचेल. तुम्ही अगदी वेळेवर कापलंय.”

“मग झालं,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. “चहा टाक. त्या काळ्या पानांच्या बेगोनियाची एक फांदी दिल्याशिवाय मी उठणार नाहीये.”

*

सभागृह माणसांनी भरून गेलं होतं. पोशेऱ्याहून प्रतिक्षाचे वडील जिवा आणि आई हौशी आले होते. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती, वडिलांनी धुतलेली टोपी घातली होती. ती दोघं सारखी त्या चंदेरी बेगोनियासमोर येऊन उभी राहत होती. जिवाला फारसं वाचता येत नव्हतं, पण कुंडीवरचं एक नाव तो बोट न लावता वाचत होता: पोशेरा.

पहिला नंबर पुकारला गेला, “प्रतिक्षा जिवा… पोशेरा!” टाळी पहिल्यांदा वाजवली ती पुढच्या रांगेत बसलेल्या सुमनबाईंनी. शेजारच्या बाईंनी विचारलं, “अहो, ही तुमच्याच झाडाची ना?” तशा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पान आमचं होतं. झाड तिचं आहे.”

प्रतिक्षाला पुढचं फारसं आठवलं नाही. फोटो, गर्दी, खांद्यावर बापाचा हात. माणसं पांगली, तेव्हा हर्षल दारापाशी उभा होता. जवळ येत नव्हता आणि जातही नव्हता.

तीच त्याच्याकडे गेली.

“मी मागू नये ते मागितलं,” तो म्हणाला. “आईने सांगायच्या आधीच कळलं होतं मला. तू दार लावलंस तेव्हाच. पण माफी कशी मागायची… तू तिकीट देऊन पुढे निघून जायचीस.”

“कामच आहे ते माझं.”

“हो.” तो हसला, मग गंभीर झाला. “तुझं नाव पुकारलं ना, तेव्हा आधी वाटलं… माझा काय संबंध? मी तर आईचं झाड कुजवणारा माणूस. तरी वाटलं, ओरडून सांगावं सगळ्यांना, मी ओळखतो हिला! प्रतिक्षा, माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता जे मागतोय ते… मागण्यासारखं आहे का?”

बाहेर उन्हात जव्हारचा बाजार भरात होता.

“नोकरी सोडणार नाही मी,” ती म्हणाली.

“सोडलीस तर मी मोखाड्याला जाऊ कसा?”

“आणि मागणी घालायला माझ्या खिडकीखाली उभं राहायचं नाही. पाड्यावरची पोर बाजारपेठेतल्या घरात गेली, नशीब उघडलं तिचं, असं कुणी म्हणायला नको. पोशेऱ्याला यायचं. माझ्या बाबांसमोर बसायचं. त्यांना विचारायचं.”

“कधी?”

“रविवारी सुट्टी आहे मला.” आणि मग, फार हळू, “माझंही आहे… तुझ्यावर. त्या कठड्यापासून.”

*

रविवारी दोघं फाट्यावर उतरली. भात झोडून झाला होता, खळी सारवलेली होती, घराघरापुढे पेंढ्याचे भारे रचलेले होते. हर्षलच्या नव्या बुटांना लाल धूळ लागली. सुमनबाई आठ दिवसांनी येणार होत्या. आधी तू एकटा जा, आपल्या तोंडाने विचार, असं त्यांनीच सांगितलं होतं.

जिवा ओट्यावर बसला होता. त्याने हर्षलला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“बस. उभा का ऱ्हायलास?”

हर्षल बसला. हौशीने पाणी आणलं. त्याने पाणी संपवलं, घसा साफ केला, आणि जे बोलायचं होतं ते एका दमात बोलून टाकलं. जिवाने समोरच्या डोंगराकडे नजर टाकली.

“आमची पोर गाडीवर हाय,” तो म्हणाला. “रोज जाते, रोज येते. तिला घरात बसवशील?”

“नाही, बाबा.”

“आमी नागली खानारी माणसं. उद्या तुझ्या घरची आमच्या भाकरीला नाक मुरडतील तर?”

“मुरडणार नाहीत. आणि मुरडलंच, तर मी तिच्याबरोबर इथे येऊन जेवेन.”

जिवा हौशीकडे वळला. हौशी आधीच हसत होती, आणि पदराने डोळेही टिपत होती. “मंग,” जिवा म्हणाला, “पोरीची मर्जी तीच माझी. भाकर टाक गं.”

तोवर पाड्यात कुजबुज झाली होती. पाणी भरून परतणाऱ्या बाया अंगणाच्या कडेला थांबल्या, डोक्यावर हंडे तसेच. पोरं कुडाआडून बघत होती. शेजारची म्हातारी काठी टेकत थेट ओट्यापर्यंत आली आणि हर्षलच्या बुटांकडे, चष्म्याकडे बघून म्हणाली,

“ह्यो कोन सायब आला गं? काय मोजाया आलाय आमचं?”

हर्षल गडबडून उठला. “नाही आजी, मी… म्हणजे जव्हारहून… चष्म्याचं…”

प्रतिक्षा चुलीपाशी पीठ मळत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली, आणि सगळ्या पाड्यासमोर, सगळ्या हंड्यांसमोर, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मान ताठ, गाल लाल.

“साहेब नाही, आजी,” ती म्हणाली. “माझा आहे.”